आधी माप, मग यंत्र

महाराष्ट्रात टायपिंग म्हटले की दोन आकडे ठरलेले: मराठी ३०, इंग्रजी ४०. मिनिटाला इतके शब्द. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखन परीक्षा या आकड्यांवर उभी आहे आणि लिपिकाच्या नोकरीची वाटही तिथूनच जाते. अकोल्यापासून जामखेडपर्यंत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मुलामुलींना हे आकडे पाठ असतात. पण या मोजमापात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली आहे. समोर बसलेल्या माणसाला दोन हात आहेत, दहा बोटे आहेत आणि ती सांगू तिथे जातात. ज्याच्या हाताला सतत कंप आहे, ज्याला मानेखाली फारसे हलता येत नाही, ज्याचे एकच बोट कामाचे आहे, त्याने संगणकाशी बोलायचे कसे? आणि त्याला दिलेले साधन चांगले की वाईट, हे कोणत्या मापाने ठरवायचे?

साधने आता पुष्कळ आहेत. मोठ्या बटणांचे कीबोर्ड, टेबलावर न सरकता जागेवरच फिरणारा ट्रॅकबॉल, हनुवटीने हलवायची जॉयस्टिक, तोंडात धरून बटणे दाबायची काठी, डोके हलवले की सरकणारा माउस, नजर टेकवली की अक्षर उमटवणारा पडदा, आवाजी टंकन आणि एकाच बटणावर सगळा संगणक चालवणारी स्विच-पद्धत. यांतली काही लाखाच्या घरातली आहेत, तर काही प्रत्येक संगणकात आणि मोबाइलमध्ये फुकट बसलेली आहेत. अडचण साधनांच्या कमतरतेची आहेच, पण त्याहून मोठी अडचण पारखण्याची आहे. कोणते साधन कोणाला जुळेल हे जाहिरातीवरून, किमतीवरून किंवा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरल्या टक्क्यांवरून कळत नाही. ते त्या माणसाबरोबर बसून, त्याच्या कामावर, त्याच्या लिपीत आणि त्याच्या घरात पाहावे लागते.

वाटप आणि वापर यांतले अंतर

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचे अहमदनगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. १७,०४८ चौरस किलोमीटर आणि १४ तालुके. विळद घाटात डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनच्या परिसरात वैद्यकीय शिक्षणाबरोबर फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे, लोणीला प्रवरा आयुर्विज्ञान संस्थेकडेही आहे. नगर शहरात ‘अनामप्रेम’सारखी संस्था दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी उभी आहे. म्हणजे जाणकार माणसे जिल्ह्यात आहेत. पण अकोल्याच्या डोंगराळ भागातून किंवा जामखेडच्या टोकाकडून व्हीलचेअर घेऊन तिथे पोहोचणे हेच एक दिवसाचे काम असते. म्हणून आपल्याकडे साधने बहुतेक वेळा शिबिरात मिळतात. तपासणी होते, नाव लागते, पुढच्या शिबिरात वस्तू हातात पडते. तीनचाकी किंवा कुबडीच्या बाबतीत ही पद्धत काही प्रमाणात चालून जाते. संगणकाच्या साधनाच्या बाबतीत ती मुळातच अपुरी पडते. कुबडी कशी धरायची हे पाहूनच कळते, पण स्विच किती सेकंदांवर लावायचा, पडदा कुठल्या उंचीवर हवा, कोणता शब्द टाइप करताना हात अडकतो, हे काही आठवडे वापरल्याशिवाय कोणालाच कळत नाही.

साधने टाकून का दिली जातात, याचा एक जुना आणि आजही दाखला दिला जाणारा अभ्यास अमेरिकेत बेट्सी फिलिप्स आणि होंगशिन झाओ यांनी केला. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी २२७ प्रौढ दिव्यांग व्यक्तींना त्यांच्या साधनांबद्दल विचारले. २९.३ टक्के साधने पूर्णपणे सोडून दिलेली निघाली. त्यामागे चार कारणे ठळक दिसली: निवडताना वापरणाऱ्याचे मत विचारले नव्हते, साधन फार सहज मिळाले होते, ते नीट काम करत नव्हते, किंवा माणसाची गरजच बदलली होती. यातले दुसरे कारण आपल्याला विचार करायला लावणारे आहे. सहज मिळालेले साधन टाकले जाते, कारण सहज देण्याच्या घाईत पारख वगळली जाते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या २५० कोटींहून अधिक लोकांना एक तरी सहायक साधन लागते, आणि काही गरीब देशांत गरजूंपैकी जेमतेम ३ टक्के लोकांपर्यंत ते पोहोचते. इतकी टंचाई असताना मिळालेले साधन कोनाड्यात पडून राहणे आपल्याला परवडणारे नाही.

सुरुवात बैठकीपासून

पारखीची पहिली पायरी यंत्राची नसते, बसण्याची असते. माणूस खुर्चीत एका बाजूला कलत असेल, पाय लोंबकळत असतील, कोपराला टेकू नसेल, तर त्याची सगळी ताकद तोल सांभाळण्यातच जाते. उरलेल्या ताकदीवर त्याने टाइप करायचे. कंबर मागे टेकली, पाय सपाट ठेवले, टेबल कोपराच्या उंचीला आणले, की काही वेळा ‘विशेष’ कीबोर्डची गरजच राहत नाही. हे काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचे. आपल्या देशात या शास्त्राचा पाया मुंबईत घातला गेला. १९५० मध्ये केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे पहिले विद्यालय सुरू झाले. ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर या जन्माने अमेरिकन होत्या, लग्नाने मराठी झाल्या. फलटणचे ‘कमला निंबकर बालभवन’ त्यांच्याच नावाने ओळखले जाते. माणसाच्या हातून काय गेले याच्या बरोबरीने काय उरले याचा हिशेब मांडायचा आणि उरलेल्यावर रोजचे काम उभे करायचे, ही या शास्त्राची रीत आहे.

उरलेले म्हणजे काय, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. राहुरी तालुक्यातला एक तरुण विहिरीत पडला आणि त्याच्या मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली. इजा मानेच्या सहाव्या पातळीवर असेल, तर त्याला कोपर वाकवता येते, मनगट वर उचलता येते, पण बोटे मिटता येत नाहीत. अशा माणसाच्या तळव्याला पट्टा बांधून त्यात एक छोटी काठी खोचली, की तो साधा कीबोर्ड चालवू शकतो. इजा एक पातळी वर, पाचवीला असेल, तर मनगटही साथ देत नाही. मग मनगटाला आधार देणारी पट्टी लागते. चौथ्या पातळीवर हात जवळपास संपतात आणि मान, खांदे, चेहरा, आवाज उरतो. तिथे डोक्याने चालणारा माउस, तोंडातली काठी किंवा आवाज यांचा विचार सुरू होतो. तिघांच्याही प्रमाणपत्रावर मोठाच टक्का असेल. पण तिघांची साधने वेगळी, आणि पहिल्याला जे साधन लागते ते गावातल्या चांभाराकडेही बनते.

सेरेब्रल पाल्सीमध्ये गोष्ट आणखी वेगळी असते. ताकद असते, पण हात हवा तिथे थांबत नाही. बोट एका बटणाकडे निघते आणि वाटेत चार बटणे दाबून जाते. त्यासाठी कीगार्ड असतो. कीबोर्डवर बसणारा ॲक्रिलिकचा जाड पत्रा, आणि प्रत्येक बटणाच्या नेमका वर एक भोक. हात पत्र्यावर निर्धास्त टेकवायचा आणि बोट भोकात उतरवून बटण दाबायचे. वाटेतली बटणे दबतच नाहीत. लेझर कटिंग करणारा कोणीही कारागीर मापे दिली तर तो कापून देईल. अट एवढीच की मापे त्याच कीबोर्डची हवीत आणि भोकाची रुंदी त्याच बोटाला जुळणारी हवी.

एक शब्द, दहा खुणा

आता लिपीकडे येऊ, कारण परदेशात तपासून आलेले साधन मराठीत अडखळते ते इथेच. ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. वाचताना तीन अक्षरे: वि, द्या, र्थी. संगणकाच्या लेखी मात्र त्या दहा खुणा आहेत: व, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दीर्घ वेलांटी. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर हा शब्द टाइप करताना ‘थ’ला शिफ्ट लागते, कारण इंग्रजी एलच्या बटणावर साधा दाब दिला की ‘त’ उमटतो आणि शिफ्टसह दिला की ‘थ’. म्हणजे एकूण अकरा दाब, आणि त्यातले दोन एकाच वेळी. दोन बटणे एकाच वेळी दाबणे हे एका बोटाने लिहिणाऱ्याला अशक्य. पण ही अडचण पैसे न खर्चता सुटते. विंडोजच्या कुठल्याही संगणकावर शिफ्टचे बटण लागोपाठ पाच वेळा दाबले की ‘स्टिकी कीज’ सुरू करायचे का, असे विचारले जाते. होय म्हटले की शिफ्ट दाबून सोडून द्यायची, मग सावकाश दुसरे बटण दाबायचे. संगणक दोन्ही एकत्र धरतो. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली तर ‘फिल्टर कीज’ची सोय येते, जी चुकून पडलेले, थरथरीने दोनदा दबलेले दाब गाळून टाकते. ‘माउस कीज’मुळे बाजूच्या अंकांच्या बटणांनी माउसचा बाण हलवता येतो. या कल्पना अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये १९८० च्या दशकात वाढल्या आणि विंडोज ९५ पासून मूळ प्रणालीतच आल्या. आपल्या सेतू केंद्रातल्या, शाळेतल्या, एमएस-सीआयटीच्या वर्गातल्या प्रत्येक संगणकात त्या आज आहेत. त्या सुरू करून दाखवणारा माणूस तेवढा लागतो.

ज्याला एकच हालचाल शिल्लक आहे, त्याच्यासाठी स्विच-पद्धत. पडद्यावर अक्षरांचा तक्ता असतो. ओळी एकामागून एक उजळतात. हवी ती ओळ उजळली की स्विच दाबायचा. मग त्या ओळीतली घरे उजळू लागतात. हवे ते घर आले की पुन्हा दाबायचा. स्विच गुडघ्याने, गालाने, अंगठ्याने, कशानेही दाबता येतो. तो स्वस्तातही होतो: जुन्या माउसच्या डाव्या बटणाखालच्या छोट्या स्विचला दोन वायरी सोल्डर करून बाहेर काढायच्या आणि टोकाला एक मोठे, हलके बटण जोडायचे.

वेळेचा हिशेब मात्र डोळ्यांसमोर ठेवायला हवा. आठ ओळी, आठ रकाने आणि प्रत्येक घरावर एक सेकंद असे धरले, तर एका खुणेला सरासरी नऊ सेकंद लागतात. ‘विद्यार्थी’च्या दहा खुणांना दीड मिनिट, तेही एकही चूक न होता. आता तक्ता बदला. काना, र, हलन्त अशा वारंवार लागणाऱ्या खुणा वरच्या डाव्या कोपऱ्यात आणा. पहिल्या ओळीत शब्दांचे अंदाज दाखवा. ‘वि’ लिहिताच ‘विद्यार्थी’ समोर आला तर हेच काम पंचवीस सेकंदांच्या आत होते. स्विच तोच, माणूस तोच, फक्त मांडणी मराठीची झाली. म्हणून मराठी माणसासाठी साधन पारखताना इंग्रजी वाक्यावर घेतलेली चाचणी निम्मीच खरी. मराठी जोडाक्षरे, रफार, अनुस्वार यांनी भरलेला उतारा समोर हवा.

अंध व्यक्तींची गोष्ट इथे थोडी निराळी आहे. त्यांची बोटे साधा कीबोर्ड उत्तम चालवतात, प्रश्न कानाने पडताळणीचा असतो. एनव्हीडीएसारखे फुकट मिळणारे, २००६ पासून घडत आलेले स्क्रीनरीडर मराठी वाचतात. त्यांची पारख करताना हलन्त आणि मात्रा टाइप करताना ऐकू येणारा उच्चार स्पष्ट आहे का, आणि झालेली चूक कानाला पकडता येते का, हे आधी पाहायचे.

मोजायचे काय?

माउससारख्या साधनांच्या मोजणीला एक पक्का शास्त्रीय आधार आहे. १९५४ मध्ये पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवले की एखाद्या लक्ष्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ लक्ष्याच्या अंतरावर आणि रुंदीवर ठरतो. अंतर निम्मे करा किंवा रुंदी दुप्पट करा, अवघडपणा तेवढाच, म्हणजे एका मापाने उतरतो. पुढे याच्यावरच आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची, आयएसओ ९२४१ या मालिकेतली चाचणी उभी राहिली. पडद्यावर गोलाकार मांडलेली वर्तुळे, समोरासमोरच्या वर्तुळांवर आळीपाळीने क्लिक करायचे, आणि वेग व अचूकता मिळून एकच आकडा काढायचा. रोजच्या वापरातला धडा सोपा आहे: महागडा माउस घेण्याआधी पडद्यावरची चिन्हे मोठी करून पाहा. तेही फुकट आहे.

पण एकट्या आकड्याने सगळे कळत नाही. ज्यांच्या हालचाली कंपामुळे तुकड्या-तुकड्यांनी होतात, त्यांच्यासाठी संशोधकांनी आणखी बारीक मापे काढली. बाण लक्ष्यात शिरून किती वेळा बाहेर पडला? सरळ रेषा किती वेळा ओलांडली? दिशा किती वेळा बदलली? याचा उपयोग असा. दोन मुलींना एका क्लिकला सारखाच वेळ लागतो. पहिलीचा बाण वाटेत भरकटतो, पण लक्ष्यावर पोहोचला की स्थिर राहतो. दुसरीचा बाण सरळ जातो, पण क्लिक करताना बोट दाबले की हातच हलतो आणि बाण निसटतो. पहिलीला बाणाचा वेग कमी करून द्यायचा किंवा ट्रॅकबॉल द्यायचा. दुसरीला बाण हलवायला एक साधन आणि क्लिक करायला दुसऱ्या हाताशी वेगळा स्विच द्यायचा, किंवा बाण काही क्षण थांबला की आपोआप क्लिक होईल अशी सोय करायची. नुसता वेळ मोजला असता, तर दोघींना एकच यंत्र मिळाले असते आणि एकीचे टाकले गेले असते.

टंकनाच्या बाबतीत वेगाबरोबर चुका मोजायच्या, आणि त्याही दोन प्रकारच्या: लिहिताना झालेल्या पण सुधारलेल्या, आणि शेवटपर्यंत राहून गेलेल्या. सुधारण्यातही ताकद जाते. म्हणून पहिल्या पाच मिनिटांचा वेग आणि अर्ध्या तासानंतरचा वेग दोन्ही लिहून ठेवावेत. अनेक साधने पहिल्या पाच मिनिटांत जिंकतात आणि अर्ध्या तासात हरतात, कारण मान दुखू लागते, डोळे चुरचुरतात, जबडा थकतो. कामाचा भार किती वाटला हे विचारण्यासाठी नासाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेली टीएलएक्स ही प्रश्नावली आजही वापरतात. साधनाबद्दलचे समाधान मोजायला कॅनडात क्वेस्ट ही प्रश्नावली तयार झाली. तिच्या सुधारित आवृत्तीत १२ प्रश्न आहेत, आठ साधनाबद्दलचे आणि चार त्याच्याबरोबर मिळणाऱ्या सेवेबद्दलचे. सेवेचे प्रश्न विसरता कामा नयेत. बिघडले तर दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न शेवगावच्या माणसासाठी वेगाइतकाच मोलाचा आहे.

आणखी एक माप कुठल्याही मानकात ठळक नसले तरी घरोघरी जाणवते. साधन सुरू करायला दुसरे कोणी लागते का? तासभर स्वतंत्रपणे लिहिता येते, पण सकाळी डोक्यावर पट्टा बांधायला आईच हवी, तर आई शेतावर गेली की लेखन बंद. स्वतःहून सुरू करता येणारे थोडे सावकाश साधन अशा घरात जास्त मोलाचे ठरते.

दोन धडे

नवीनतम यंत्र म्हणजे उत्तम यंत्र, हा समज स्टीफन हॉकिंग यांच्या उदाहरणाने मोडतो. १९८५ मध्ये श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज गेला. हातातल्या स्विचवर ते सुरुवातीला मिनिटाला पंधरापर्यंत शब्द लिहू शकत. हात निकामी होत गेला, मग चष्म्याला लावलेला संवेदक गालाची हालचाल टिपू लागला. २०११ च्या सुमारास वेग मिनिटाला एखाद्या शब्दावर आला. इंटेल कंपनीच्या तज्ज्ञांनी नजरेवर चालणारे यंत्र करून पाहिले, पण हॉकिंग यांच्या पापण्या खाली येत असल्याने ते नजर पकडू शकेना. मेंदूच्या लहरी टिपणारी टोपीही आजमावली, पण पुरेसा ठळक संकेत मिळेना. शेवटी कामी आले ते जुनेच साधन: गालाचा तोच स्विच, आणि त्यावर शब्दांचा अंदाज बांधणारी अधिक चांगली प्रणाली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध शास्त्रज्ञासाठी, हाताशी इतकी मोठी कंपनी असताना, निर्णय झाला तो करून पाहण्यातून. ती प्रणाली २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली करण्यात आली.

दुसरा धडा मुंबईचा. मालिनी छिब यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. त्यांच्या आई मिठू आलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया, म्हणजे आजची ‘अडॅप्ट’, सुरू केली. मालिनी एका बोटाने टाइप करतात. त्यांनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या, मुंबईत पुस्तकांच्या दालनात नोकरी केली आणि आत्मचरित्र लिहिले. त्याचे नावच ‘वन लिटल फिंगर’. टंकलेखन परीक्षेच्या मापाने त्यांचा वेग कुठेच बसणार नाही. पण पदवी, नोकरी आणि पुस्तक या तिन्ही कामांना तो पुरला. साधनाची खरी परीक्षा ठरते ती माणसाने ठरवलेल्या कामावर.

नगरच्या उन्हात, नगरच्या बोलीत

घरातल्या परिस्थितीचा विचार पारखीत आलाच पाहिजे. नजरेवर चालणारी बरीचशी यंत्रे अवरक्त प्रकाश डोळ्यांवर टाकून त्याचे प्रतिबिंब टिपतात. थेट ऊन आले की ती गोंधळतात. पडवीत किंवा पत्र्याच्या खोलीत उघड्या दाराशी बसून काम करणाऱ्याला दवाखान्याच्या बंद खोलीत मिळालेला आकडा मिळणार नाही. शिवाय नजरेचा एक स्वभाव आहे: डोळा पाहण्यासाठी फिरतो आणि यंत्र त्यालाच निवड समजते. म्हणून नजर किती वेळ टेकल्यावर निवड धरायची हे प्रत्येकासाठी वेगळे बसवावे लागते.

आवाजी टंकनाने मराठीला मोठीच मदत केली आहे. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांत ही सोय आणली आणि आज गावोगावी लोक बोलून संदेश लिहितात. पण पारखताना तीन गोष्टी पाहाव्यात. बोललेल्या मजकुरातली चूक हात न लावता दुरुस्त करता येते का? घरात चारजण असताना, बाहेर पाण्याची मोटर चालू असताना ते चालते का? आणि माणूस जसे बोलतो तसे त्याला कळते का? ज्यांचे उच्चार आजारामुळे अस्पष्ट आहेत, किंवा ज्यांच्या तोंडी ‘होते’ऐवजी ‘व्हतं’ येते, त्यांच्या बोलण्यावरच चाचणी व्हायला हवी. बँकेचा ओटीपी काही मिनिटांत भरायचा असतो, सातबाऱ्याच्या संकेतस्थळावर वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहायची असतात. ही कामे चाचणीच्या यादीत असायलाच हवीत, कारण रोजचे आयुष्य तिथेच अडते.

पारख कशी करावी

एका माणसावर करायच्या चाचणीची एक साधी, भरवशाची रीत आहे. आधी काही दिवस सध्याच्या पद्धतीने काम करून वेग, चुका, थकवा लिहून ठेवायचा. मग नवे साधन काही दिवस. मग ते काढून पुन्हा जुनी पद्धत, आणि पुन्हा नवे. नवे असताना दोन्ही वेळा सुधारणा दिसली आणि मध्ये काढल्यावर ती उतरली, तर ती सुधारणा साधनाचीच. सरावाने किंवा नव्याच्या उत्साहाने आलेली सुधारणा अशी मागेपुढे होत नाही. सराव मुरायलाही वेळ द्यायचा. नवी पद्धत पहिल्या आठवड्यात जवळजवळ नेहमीच जुन्याहून सावकाश वाटते.

निवडीच्या आधी चार प्रश्न विचारावेत, असे अमेरिकेतल्या जॉय झबाला यांनी शाळांसाठी सुचवले: विद्यार्थी कोण, परिसर कसा, काम कोणते, आणि त्यानंतर साधन कोणते. क्रम मुद्दाम असा आहे, साधन सर्वांत शेवटी.

परीक्षेच्या बाबतीत या पारखीला कायद्याचे बळ आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्ये लेखी परीक्षांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनी दर तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ मान्य केला, संगणकावर उत्तरे लिहिण्याचा पर्याय मान्य केला, आणि उमेदवाराला एक दिवस आधी तो संगणक तपासून पाहू द्यावा असेही म्हटले. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सांगितले की लेखनिकाची सोय ४० टक्के दिव्यांगत्वाच्या अटीत अडकवून ठेवता येणार नाही. लेखनिक हा गरजेचा आधार आहे. पण ज्याला स्वतःच्या हाताने, गालाने किंवा नजरेने उत्तर लिहायचे आहे, त्याला ते लिहिता यावे यासाठी दहावीच्या वर्षी नव्हे, सातवी-आठवीतच साधन पारखून सरावाला द्यायला हवे.

जिल्ह्याला जमणारे काम

मोजून मग ठरवणे नगर जिल्ह्याला नवे नाही. हिवरे बाजारमध्ये पावसाळा सरला की पडलेल्या पावसाची नोंद मांडतात, पाण्याचा ताळेबंद होतो आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचे हे ग्रामसभा ठरवते. पाणी न मोजता पीक घ्यायचे नाही, हा जसा त्या गावाचा नियम, तसाच माणसाची क्षमता न मोजता साधन द्यायचे नाही, हा नियम दिव्यांगांच्या साधनांना लावता येईल.

पैशांची सोयही काही प्रमाणात आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून घरटी थोडी थोडी रक्कम वाटली जाते. काही गावांनी मिळून त्याचा एक भाग चाचणीच्या पेटीसाठी ठेवला, तर त्यात एक ट्रॅकबॉल, एक जॉयस्टिक, दोन-तीन प्रकारचे स्विच, एक कीगार्ड, तळव्याचा पट्टा, मोबाइल धरणारा स्टँड एवढे सहज बसेल. ही पेटी तालुक्याच्या ठिकाणी ठेवावी आणि ग्रंथालयातल्या पुस्तकासारखी चार आठवड्यांसाठी घरी द्यावी. बरोबर एक वही: कोणते काम केले, किती वेळ लागला, किती चुका झाल्या, कुठे दुखले, कोणाची मदत लागली. विळद घाट आणि लोणी इथल्या फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना अशा चाचण्या घेणे हा अभ्यासाचाच भाग करता येईल. साधन जुळले तर त्याची मागणी करायची, नाही जुळले तर पेटी पुढच्या घरी जाईल. एकही रुपया वाया जाणार नाही.

आणि ज्याच्यासाठी हे सगळे, त्याच्या शब्दाला शेवटचे वजन असावे. यंत्राचा आकडा चांगला आला, पण ते लावून वर्गात बसायची मुलीला लाज वाटते, तर ते यंत्र तिच्यासाठी चांगले नाही. आकडा कमी आला, पण तिला त्यावर स्वतःचे पत्र कोणाला न दाखवता लिहिता आले, तर ते चांगले आहे. पुढच्या वेळी गावात साधनांचे शिबिर भरले की फोटोसाठी उभे राहण्याआधी प्रत्येक कुटुंबाने तीन प्रश्न विचारावेत: हे साधन आमच्या माणसाबरोबर कोणी तपासले, कोणत्या कामावर तपासले, आणि किती दिवस? उत्तर नसेल तर साधन नाकारू नका, पण चाचणी मागून घ्या. तो उपकार नाही, हक्क आहे.